खडपाच्या खुणा

दिवाळीच्या पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या, की एखाद्या सकाळी दार उघडावं आणि वारा बदललेला असावा, असं आमच्या उस्मानाबादकडच्या वाशीत दरवर्षी होतं. काल-परवापर्यंत अंगाला चिकटणारी हवा एकदम कोरडी होते. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली असते, तुरीच्या शेंगा भरायला लागलेल्या असतात. शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं हात काखेत दाबून राष्ट्रगीत म्हणतात आणि मी त्यांच्यावर ओरडत नाही, कारण माझेही हात तिथंच असतात. सगळ्या गावाला हा वारा आवडतो. स्वेटरं उन्हात पडतात, हुरड्याच्या गोष्टी निघतात. मला मात्र तो नको असतो. ह्याच आठवड्यात कधीतरी रघूचा फोन येणार असतो.

मी भूगोल शिकवतो. पंधरा-सोळा वर्षं मी फळ्यावर समुद्र काढला, तेव्हा कुठं तो मला प्रत्यक्ष दिसला. दिवसा समुद्राकडून जमिनीकडं वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडं वाहतात ते मतलई वारे. दोन बाण, दोन दिशा, दोन गुण. समोर बसलेल्या पोरांनी सगळ्यात मोठं पाणी पाहिलेलं म्हणजे पाझर तलाव, तोही भरला असला तर. त्यांना मी भरती-ओहोटी शिकवायचो आणि ती पोरं बिचारी लिहून घ्यायची. मीही काही वेगळा नव्हतो. शाळेची सहल घेऊन मालवणच्या बाजूला गेलो आणि चाळिशीतला माणूस समुद्र बघून पोरांच्या आधी पाण्यात पळाला. ती गोष्ट पोरांनी पुढं दोन वर्षं शाळेत सांगितली.

त्याच सहलीत रघू भेटला. रघुवीर हे त्याचं पूर्ण नाव. मासे पकडायची हौस असलेल्या पाहुण्यांना तो आपल्या होडीतून गळ टाकायला न्यायचा. आधी खाडीत, मग खाडीच्या तोंडाशी, आणि माणूस टिकाऊ वाटला तर बाहेर, खोल पाण्यात. वय माझ्याएवढंच, हात मात्र माझ्या दुप्पट. पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच गेलो आणि त्याला म्हणालो, "मला बाहेर न्या." त्यानं माझ्या पायातल्या बुटांकडं पाहिलं, मग आकाशाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सकाळी काय खावन येव नकात."

मी खाऊन गेलो. दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ते सगळं समुद्राला मिळालं.

पण त्या सकाळी उजाडता उजाडता होडी खाडीबाहेर पडली, तेव्हा माझ्या पाठीवर मागून गार वारा आला. त्याला चुलीच्या धुराचा आणि ओल्या मातीचा वास होता. समोर एवढं पाणी आणि वास मात्र जमिनीचा. मी रघूला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ही मतलई. ह्या दिसांत ही आमका भायर ढकलता आणि दुपारी खारो वारो घरात आणून सोडता." इतकी वर्षं मी ज्याला बाण म्हणून काढत होतो, तो वारा माझ्या मानेला लागत होता. मला रडू आलं. उलटीनं डोळ्यात आधीच पाणी होतं, त्यामुळं रघूला कळलं नाही.

मग दर मार्गशीर्षात जायची सवयच लागली. घरात शैला, म्हणजे माझी बायको, मार्गशीर्षातले गुरुवार धरायची आणि मी नेमका त्याच महिन्यात मासे मारायला सोलापूरची गाडी पकडायचो. "देवीचा महिना आहे, निदान गुरुवारी तरी गळ टाकू नका," एवढंच ती म्हणायची, आणि गुरुवारी मी खरंच नुसता होडीत बसून राहायचो. त्या दिवसांत माझ्या हातून काही पाप होत असेल तर ते एवढंच, अशी माझी समजूत होती.

काय दिवस होते ते! पाणी परातीतल्यासारखं संथ. रघू इंजिन बंद करायचा आणि एकदम इतकं शांत व्हायचं, की होडीच्या फळीला पाणी चाटतंय तेवढंच ऐकू यायचं. बांगड्याचा तुकडा गळाला लावून शिसं खाली सोडायचं. दोरी बोटावरून सरसर जात राहायची. तिकडं खोली वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. आमच्याकडं विहीर परसात मोजतात, हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. मी रघूला म्हणायचो, तुम्ही आडवे मोजता आणि आम्ही उभे. तो हसायचा आणि म्हणायचा, "बोटार लक्ष ठेवा." शिसं वाळूवर पडलं तर बोटाला काहीच कळत नाही, दोरी नुसती ढिली पडते. खडकावर पडलं तर टक् असं लागतं. तो टक् कळायला मला दोन हिवाळे लागले.

चौथ्या हिवाळ्यात त्यानं मला त्याचं खडप दाखवलं. पाण्याखालच्या खडकाला ते खडप म्हणतात. हे खडप त्याच्या आजोबांनी शोधलेलं होतं. वरून काही दिसत नाही, सगळीकडं सारखंच पाणी. ते सापडतं ते जमिनीवरच्या खुणांवरून. देवळाचा कळस आणि त्याच्या मागच्या डोंगरावरचा पांढरा कातळ एका रेघेत आले पाहिजेत. दुसऱ्या बाजूला बेटाचं शेपूट डोंगराच्या खाचेत बसलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जुळलं की नांगर सोडायचा. होडी अर्ध्या वावानं सरकली तरी खालचं सगळं चुकतं. रघू उभा राहून डोळे बारीक करून दोन्हीकडं पाहत होता आणि मी भूगोलाचा मास्तर टाळी वाजवत होतो. दोन रेषा, एक छेदनबिंदू! माझं निम्मं पुस्तक त्या होडीत उभं होतं.

त्या दिवशी माझ्या गळाला तांबोशी लागली. पाण्यातून वर येताना ती आधी गुलाबी दिसली, मग लाल, मग होडीत पडली तेव्हा पिकल्या टोमॅटोसारखी. पाच मासे झाले आणि रघूनं नांगर उचलला. मी म्हणालो, अजून लागतायत की. तो म्हणाला, "बस झाले. हे खडप म्हणजे आमचा कोठार. आज्यान सांगल्यान, मूठभर काढायचा आणि दार लावायचा." आख्ख्या मोसमात तो तिथं चार-पाच वेळाच जायचा, तेही त्याच्या मनात भरलेल्या माणसाला घेऊन, आणि खुणा त्यानं समजावून सांगितल्या त्या फक्त मला. बाकीच्या पाहुण्यांना तो दुसऱ्या खडकांवर न्यायचा. मोबाईलमध्ये जागेची खूण का टाकून ठेवत नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, त्यात टाकलेलं आपलं राहत नाही.

हे कुणाला सांगू नका, असं तो मला म्हणाला नाही. पुढं कितीतरी दिवस मी ह्या एका गोष्टीला धरून बसलो होतो. तो म्हणाला नाही, म्हणजे बंधन नव्हतं. पण तो का म्हणाला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्या घरात बसवलेल्या माणसाला कुणी कपाटाला हात लावू नका म्हणून सांगत नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा पाणी बघायचे. वाशीपासून तेरखेड्यापर्यंत कुणाला विहीर काढायची असली, बोअर घ्यायचं असलं, की अण्णांना बोलावणं यायचं. तळहातावर नारळ आडवा धरून ते शेतभर चालायचे आणि एका जागी तो नारळ उभा राहायचा. खाली पाणी निघायचं की नाही हा वेगळा विषय आहे, भूगोलाचा माणूस म्हणून मी त्यात पडत नाही. पण त्यांचा एक नेम होता. घ्यायचा फक्त तो नारळ, आणि दाखवलेलं पाणी कुणापासून झाकायचं नाही. एका कोरड्या वर्षी आमच्याच रानात बोअरला पाणी लागलं, तर संध्याकाळच्या आत ते शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन सांगून आले, "झरा तुझ्याकडं आलाय, हितं घे." शेजाऱ्यानं घेतलं. आमचं पाणी निम्म्यावर आलं. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. अण्णांना काहीच वाटलं नाही. टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या आमच्या मुलखात पाणी कुठं आहे हे माहीत असून गप्प बसणारा माणूस हलकट समजला जातो. मी ह्यात वाढलो.

पाचव्या हिवाळ्यात, निघायच्या आदल्या संध्याकाळी, मी लॉजच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारी पुण्याची मंडळी होती, तिघं मित्र आणि त्यातल्या एकाचे म्हातारे वडील. किमती गळकाठ्या, किमती टोप्या, आणि दोन दिवस हात हलवत परतलेले. ते एका रिसॉर्टच्या फायबरच्या बोटीतून जात होते. मुलगा म्हणाला, बाबांना आयुष्यात एकदा मोठा मासा ओढायचाय, त्यासाठीच आणलं. म्हातारबुवा आपल्या रिकाम्या हातांकडं बघत बसले होते, आणि मला कोरड्या बोअरजवळ बसलेली माणसं आठवली. तेवढ्यात त्यातला एक मला म्हणाला, "सर, तुमच्या उस्मानाबादला मासे खातात का हो? पाणीच नाही ना तिकडं?" आणि तिघं हसले.

मी डायरीचं पान फाडलं. खाडीचं तोंड काढलं, देऊळ काढलं, पांढरा कातळ, बेट, डोंगरातली खाच. दोन तुटक रेषा काढल्या आणि त्या जिथं मिळतात तिथं फुली मारली. वर दिशादर्शक बाण काढला, खाली सूची लिहिली. ह्या दोन गोष्टी नसल्या तर मी पोरांचे गुण कापतो. पान म्हाताऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "उद्या इथं जा. आमच्याकडं पाणी लपवत नाहीत." कोण ऐटीत बोललो होतो मी!

अण्णांचा नेम मी पाळला, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! पण अण्णांनी वाटलं ते स्वतःचं पाणी. पाणी निम्म्यावर आलं तेही स्वतःच्याच घरातलं. मी वाटलं ते रघूचं. त्यातून माझं काही कमी होणार नव्हतं, आणि ज्याचं कमी होणार होतं त्याला मी विचारलं नव्हतं. शिवाय म्हाताऱ्यांची दया हे निम्मंच कारण. निम्मं कारण ते हसणं होतं. दुष्काळी भागातल्या मास्तरला समुद्रातलं काय कळतं, हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवलं.

चार दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. म्हातारबुवा दोन्ही हातांत हातभर तांबोशी घेऊन उभे, आणि तोंडावर असं हसू की बघत राहावं. खाली 'थँक यू सर'. मी तो फोटो शैलाला दाखवला, कागद काढून दिल्याचं फुगवून सांगितलं. ती म्हणाली, "रघूभाऊंना विचारलं होतंत का?" मी म्हणालो, "एका म्हाताऱ्याचं काम झालं, त्यात काय विचारायचं?" आठवडाभर मी खुशीत होतो.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तर रघू सरळ खडपावर घेऊन गेला. मतलई तशीच होती, पाणी तसंच, कळस आणि कातळही एका रेघेत. मी शिसं सोडलं. बोटाला टक् लागलं नाही. शिसं कशात तरी मऊ रुतलं आणि अडकलं. रघू म्हणाला, "ओढा." दोघांनी मिळून ओढलं तर नायलॉनच्या जाळ्याचा फाटका तुकडा वर आला. त्यात एक मेलेला खेकडा होता आणि दोन बोटभर मासे कुजून पांढरे झालेले होते. खालचं सगळं खडप तसल्या जाळ्यानं गुंडाळलं गेलंय, असं रघूनं सांगितलं. आधी रिसॉर्टची बोट आली, मग ती रोज यायला लागली, तिच्या मागं दुसऱ्या आल्या, आणि शेवटी कुणी तरी जाळी टाकली, ती खडकाला अडकली आणि तिथंच सोडून दिली.

"कोणी दाखवलं?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला, ह्याची लाज मला अजून वाटते.

"बाबलान," रघू म्हणाला. बाबल म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. रिसॉर्टची ती फायबरची बोट बाबलच चालवायचा. खडपाच्या खुणा जगात दोघांनाच माहीत होत्या, रघूला आणि बाबलला. तिसरा मी. पण तिसऱ्याचा हिशेब रघूनं धरलाच नव्हता. त्याच्या लेखी मी वाशीचा माणूस, समुद्राचं मला काय करायचंय?

जाळ्याचा तो ओला तुकडा माझ्या हातात होता. तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. किनारा लांब होता, होडी त्याची होती, हे काही कारण नव्हे. मला वाटलं, हा माणूस मला पुन्हा 'सर' म्हणणार नाही. एवढीच भीती होती, आणि एवढ्याशा भीतीसाठी मी एका माणसाचा भाऊ जाऊ दिला.

त्याच्या पुढच्या वर्षी मी गेलोच नाही. शाळेत तपासणी आहे, असं खोटं सांगितलं. तर रघूच आला! बायकोला घेऊन तुळजापूरला दर्शनाला आला आणि तिथून फोन केला, "तुमी येत नाय, म्हणान आमीच इलंव." दुसऱ्या दिवशी नेमकी येळवस. मार्गशीर्षातली ती अमावस्या आमच्या भागात गावात कुणी साजरी करत नाही, आख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचं, आणि सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील असं सगळं ज्वारीच्या मधोमध बसून खायचं. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची. ओळख असो-नसो, हाक न मारता जाऊ द्यायचं नाही. रघूला ह्याची फार गंमत वाटली. "आज आमच्याकडे उधाण," तो म्हणाला, "पाण्याक इतकी ओढ की शिसा तळाक ठरूचा नाय. बरा झाला हय इलंय." मग ज्वारीकडं बघून म्हणाला, "ह्या पण दर्याच."

अण्णा त्याला आग्रह करकरून वाढत होते. "पावनं, आजून एक उंडा घ्या. येळवशीला पोटाला इचारायचं न्हाय." आणि बोलता बोलता त्यांनी आपला नेहमीचा विषय काढला. "म्या चाळीस वरसं पाणी दावलं. एका नारळाच्या वर काय घेतलं न्हाय, आन् दावलेलं कुणापसून झाकलं न्हाय."

रघू हसला. "आमी असा केलंव तर चूल पेटूची नाय, अण्णा." आणि त्यानं खडपाची सगळी गोष्ट सांगितली. आजोबांपासून जाळ्यापर्यंत.

अण्णा आंबिलीचा पेला खाली ठेवून ऐकत होते. "मग फोडलं कुणी?"

"धाकट्या भावान."

"इचारलं का त्याला?"

"विचारलंय. नाय म्हणता."

"सख्खा भाऊ हाय, त्यो न्हाय म्हंतोय तर न्हाय आसंल," अण्णा म्हणाले. "लई बारीक इचार करा, पावनं. दुसऱ्या कुणी तरी दावलं आसंल."

"दुसऱ्या कोणाक म्हायतच नाय, अण्णा."

मी खाली मान घालून भज्जी खात होतो. समोर शैला पळी हातात घेऊन उभी होती. तिनं मला वाढलं नाही. रघूला वाढलं, त्याच्या बायकोला वाढलं, अण्णांना वाढलं आणि माझ्या पत्रावळीसमोर येऊन नुसती थांबली. बाजूच्या वाटेनं दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर चालली होती. अण्णांनी त्यांना ओरडून हाक मारली, ती आली, जेवायला बसली, आणि तो विषय तिथंच संपला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पाहुणे निघाल्यावर भांडी आवरताना शैला म्हणाली, "अण्णा बोलले, रघूभाऊ बोलले. तुमीच बोलला न्हाईत."

"काय बोलणार?"

"मला बोलला होतात तेच. फोटो दाखवून बोलला होतात की."

वर्गात पोरांनी नकाशा चुकवला तर मी तांबड्या शाईनं गोल करतो आणि पुन्हा काढून आणा म्हणतो. चुकलेल्या नकाशाचं काही बिघडत नाही, त्यावरून कुणी कुठं पोचत नाही. माझा नकाशा बरोबर होता, ही माझी अडचण आहे. आयुष्यात मी शेकड्यांनी नकाशे काढले. ज्यावरून माणसं खरोखर एखाद्या ठिकाणी गेली असा तो एकच.

नंतरची दोन वर्षंही मी काही तरी निमित्त सांगून जाणं टाळलं. आता ह्या वर्षीचं. परवा सकाळी दार उघडलं तर वारा बदललेला होता. मी आत येऊन मोबाईल उशीखाली ठेवला. शैलानं तो काढून आणला, चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "या वर्षी तपासणी न्हाय, कुणाचं लगीन न्हाय, तुमी आजारी न्हाईत. फोन आला की तुमी सांगा. न्हायतर मी सांगते." तिच्या तोंडून रघूला कळणं मला चाललं नसतं. इतका मानीपणा माझ्यात अजून शिल्लक आहे, आणि ह्या वेळेला तोच उपयोगी पडला.

रविवारी दहाच्या सुमारास फोन आला.

"सर, मतलई बरी सुटली हा. ह्या वर्सा तरी येतास मा?"

"रघूभाऊ," मी म्हणालो, "तुमचं खडप मी सांगितलं होतं."

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता. तो बंदरावर उभा असणार.

"काय सांगलास?"

"पुण्याच्या लोकांना. कागदावर खुणा काढून दिल्या होत्या. बाबलनं नाही दाखवलं. मी दाखवलं."

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"कागद," तो म्हणाला.

"हो."

"बाबल म्हणी होतो. पाव्हण्यांच्या हातात कागद होतो, मी काय करू, म्हणान. मी तेच्या मुस्काटात मारलंय. म्हटलंय, आमच्या खडपाचो कागद ह्या गावात कोण काढतलो? कोणाक येता काढूक?"

मी, चूक झाली, म्हणालो. माफ करा, म्हणालो. हे शब्द तीन वर्षं घोकलेले होते, पण बोलताना ते अगदीच हलके लागले.

"खडपाचा ऱ्हवांदे," रघू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "खडपार मासो फिरान येतलो कधी तरी. सर, बाबलाच्या चेडवाचा लगीन झाला. मी तिका खांद्यार घेवन फिरवलेला. लग्नाचा वाजप माझ्या घरात ऐकूक येत होता आणि मी पडवीत बसान जाळा शिवी होतंय. बाबल स्वतः बोलवूक इल्लो. मी दार उघडूक नाय."

शैला समोर उभी होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, माझं तोंड दिसत होतं. ती हळूच खाली बसली.

"मी येतो," मी म्हणालो. "मी स्वतः बाबलला सांगतो. तुमच्या समोर सांगतो."



"येवा," तो शेवटी म्हणाला. "पण गळ आणू नकात."

मी बरं म्हणालो. आणि मग मला कळेना, जायचं कुठं. इतके हिवाळे त्या गावाला ओळखत होतो. खाडीतली प्रत्येक उथळ जागा माहीत होती, कुठल्या वावावर काय लागतं ते माहीत होतं, डोळे मिटून त्या किनाऱ्याचा नकाशा काढला असता. बाबलचं घर कुठल्या वाडीत आहे, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"रघूभाऊ, बाबलचं घर कुठं आहे?"

"विचारीत येवा," तो म्हणाला. "कोणय सांगतलो."